पंचविशीतले जिताडे

सकाळी निरुत खाद्याची बादली घेऊन टाकीपाशी गेला आणि टाकीत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. मासे असताना ते कधीच दिसत नसे. पाणी नितळ होतं, नळीतून हवेचे बुडबुडे इमानेइतबारे वर येत होते. पण ज्यांच्यासाठी ते येत होते ते जिताडे गायब होते.

हे काही बाजारातले जिताडे नव्हेत. खारफुटीत उगवणारी काटेरी मारांडी वाळवून, कुटून खाद्यात मिसळली तर मासे कमी आजारी पडतात का, हे पाहण्यासाठी निरुतने त्यांना पोटच्या पोरासारखं पोसलं होतं. प्रत्येकाच्या पाठीवर नंबराचा पिवळा बिल्ला होता. शेजारच्या टाकीतल्या, तसेच बिल्ले लावलेल्या माशांना तुलनेसाठी बिनमारांडीचं साधं खाद्य मिळे. ते मात्र जागेवर होते आणि न्याहारीला उशीर झाला म्हणून निरुतकडे रागाने बघत होते. शुक्रवारी मत्स्यसंशोधन केंद्राच्या प्रमुख डॉ. रात्री यांच्यासमोर दोन्ही टाक्यांतले मासे तोलायचे, कापायचे आणि त्यांची यकृतं तपासायची होती. निकाल पाहून निरुतला नोकरीत कायम करायचं की घरी पाठवायचं, ते बाई ठरवणार होत्या. आणि डॉ. रात्रींनी आजवर घरी पाठवलेल्यांची संख्या कायम केलेल्यांपेक्षा बरीच मोठी होती.

निरुत धावतच मागच्या क्वार्टरवर आला. त्याची आई लमदुआनबाई उखळीत मिरच्या कुटत होती.

"आई, पहाटे टाकीपाशी कुणी आलं होतं का?"

"कुणी नाही. मीच गेले होते."

"मासे कुठायत?"

"सुखात आहेत."

आईने मुसळी बाजूला ठेवली.

"असा बघू नकोस. पंचविसावं लागलंय ना तुला? आणि परवा जेवताना काय म्हणालास? शुक्रवारी सगळे कापायचेत! घास घशाखाली उतरला नाही माझ्या."

पंचविसावं म्हणजे घातवर्ष, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या वर्षी माणूस घसरतो, बुडतो, नोकरी गमावतो, नाहीतर भलत्याच मुलीच्या प्रेमात पडतो. त्यावर उतारा एकच: जिवंत मासे पाण्यात सोडायचे.

"अगं, मग बाजारातून आणायचे होतेस चार मासे!"

"बाजारातले तू थोडाच कापणार होतास? ज्यांना मारणार त्यांनाच वाचवायला हवं. एवढा शिकलास, हे कळत नाही?"

निरुतने फक्त मासे कुठे सोडले ते विचारलं.

"विहाराच्या धक्क्यावर. शेजारच्या थोंगमामांच्या गाडीतून पिंपं भरून नेले. एकही दगावला नाही हो! मामा म्हणाले, पुण्यकर्माला निघालं की गाडीसुद्धा खड्डे चुकवते."

निरुतच्या तोंडचं पाणी पळालं. खाडीत दुसरीकडे कुठेही सोडले असते तर जाळं टाकता आलं असतं. विहारासमोरच्या पवित्र पाण्यात जाळं सोडाच, गळ घेऊन नुसतं उभं राहिलं तरी लोक हाकलून देत.

तो तसाच स्कूटरवरून विहारातल्या भन्तेंकडे गेला. म्हातारे भन्ते ओसरीवर बसून बर्फाची कॉफी पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दिलेलं जीवदान परत मागता येत नाही, बाळ."

"परत नको, भन्ते. मी फक्त तोलतो."

"आणि तोलून झाल्यावर?"

भन्तेंसमोर खोटं कसं बोलणार? निरुत खालच्या मानेने म्हणाला, "मग कापतो."

"खाटीकही आधी तोलतोच," भन्ते म्हणाले आणि कॉफीचा घोट घेतला.

जिताडे मात्र लांब गेलेच नव्हते. जन्म टाकीत गेल्यामुळे माणूस दिसला की खाद्य येतं, एवढंच त्यांना कळत होतं. धक्क्यावर कुणी उभं राहिलं की सगळे वर येऊन आ वासत. दुपारी फुलं विकणाऱ्या बाईने त्यातला एक दांडगा मासा निरखून पाहिला आणि किंकाळी फोडली.

"नंबर! माशाच्या पाठीवर नंबर!"

लॉटरीची सोडत शुक्रवारीच होती. एरवी आमच्याकडे लोक झाडाच्या बुंध्याला पावडर फासतात आणि डोळे बारीक करकरून त्यात आकडे शोधतात. इथे तर विहाराच्या पाण्यातून मासे स्वतः आकडे घेऊन वर येत होते, तेही छापील. तासाभरात धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा उरली नाही. कुणी उकडलेली अंडी आणली, कुणी चिकट भात. एका भाविकाने तर माशांना माशाचेच गोळे चारले.

"अहो, काही घालू नका त्यांना!" निरुत ओरडला. "त्यांचा प्रयोग चालू आहे! आणि ते नंबर दैवी नाहीत, मी लावलेत!"

एकदम गर्दीचं तोंड त्याच्याकडे वळलं.

"तुम्ही लावलेत? मग कुठला लागणार ते सांगा ना, साहेब!"

"जन्मतारीख काय तुमची?"

"जाऊ दे, स्कूटरचा नंबर घ्या!"

"माशांना एवढं खाऊ तरी काय घालता हो?"

"मारांडी," निरुत वैतागून म्हणाला. ही त्याची त्या दिवशीची सगळ्यात मोठी चूक. संध्याकाळपर्यंत खाडीकाठची मारांडी भुईसपाट झाली. कुणी ती देव्हाऱ्यात ठेवली, कुणी उकळून प्यायलं. सगळ्यांच्या हातांना ओरखडे होते आणि चेहऱ्यावर समाधान. केंद्राच्या कुंपणाआत लावलेली मारांडीही गेली. ती नेणाऱ्यांत केंद्राचा पहारेकरी होता.

शुक्रवारी सोडत झाली. एकही आकडा लागला नाही. मासा वळताना आपण आकडे उलटे वाचले, असं गावाने ठरवलं, आणि जिताडे निर्दोष सुटले.

निरुत मात्र सुटणार नव्हता. तो डॉ. रात्रींच्या खोलीत उभा राहिला. आई मॅडमची समजूत घालायला आंबट कालवणाचा डबा घेऊन आली होती. तिला त्याने कसंबसं बाहेरच्या बाकावर बसवलं. मग त्याने काहीही न लपवता सगळं सांगितलं. सांगताना त्याला रडू येत होतं, आणि आपल्याला रडू येतंय याची लाजही वाटत होती.

डॉ. रात्रींनी चष्मा काढला.

"दुसऱ्या टाकीतले आहेत ना?"

"आहेत, मॅडम."

"एकटे काय कामाचे ते? त्यांची तुलना कुणाशी करायची, तुमच्याशी?"

"नाही, मॅडम."

"प्रयोग पहिल्यापासून करायचा. नवी पिल्लं, नवी मारांडी. वर्ष तरी जाईल. तोवर तुमची मुदत वाढवते. अर्धवट काम टाकून मी कुणाला जाऊ देत नाही."

निरुतला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो एवढा वाकला की कपाळ टेबलावर आपटलं. पंचविशी नोकरीतच पार पडणार होती! आभार मानत तो दाराकडे वळला.

"थांबा. आई बाहेर बसल्यात ना? आत बोलवा त्यांना. आणि दार लावून घ्या."

लमदुआनबाई हात जोडूनच आत आली. "बाई, चूक माझी आहे. पोराला बोलू नका. काय बोलायचं ते मला बोला."

डॉ. रात्री उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि बाहेरच्या दुसऱ्या टाकीकडे बघत राहिल्या. मग त्या अगदी हलक्या आवाजात बोलल्या.

"माझा धाकटा नौदलात आहे. दिवसरात्र समुद्रावर. येत्या बुधवारी त्याला पंचविसावं लागतंय." त्यांनी घसा खाकरला. "ते थोंगमामा... पहाटे येतील का हो गाडी घेऊन?"

निरुत तोंड उघडं टाकून बघतच राहिला. आईने मात्र जोडलेले हात सोडले, खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि खुर्ची खिडकीपाशी ओढून बाईंच्या शेजारी बसली.

"न यायला काय झालं? भरती लागली की हेही लगेच सोडू. पण बाई, ते बिल्ले आधी काढून घ्या हं. नाहीतर धक्क्यावर उभं राहायला जागा मिळत नाही."