पाकिटातले दोनशे चौदा केस

बॅप्टिस्ट तुस्कानो यांच्याविषयी गास गावात दोन मतं होती. एक त्यांचं स्वतःचं आणि दुसरं उरलेल्या गावाचं. त्यांच्या स्वतःच्या मते, अर्नाळ्याच्या किल्ल्यापासून नायगावच्या खाडीपर्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने काम करणारा गुप्तहेर एकच होता, आणि केवळ विनयामुळे ते त्याचं नाव घेत नसत. सव्वीस वर्षं जकात नाक्यावर बसून त्यांनी लोकांच्या टोपल्या उघडल्या होत्या. वरचं फडकं न काढता आत वांगी आहेत की कोंबडी, हे नेणाऱ्याच्या मानेवरून ओळखायची विद्या त्यांना साध्य झाली होती. (कोंबडी ओरडली तर काम सोपं होई, पण हा तपशील ते सांगत नसत.) निवृत्तीनंतर दारावर पाटी लावावी असं फार मनात होतं. पण पाटी लावली तर गुप्तहेर गुप्त राहत नाही, आणि नाही लावली तर कोणी बोलावत नाही. या पेचातून त्यांना अजून वाट सापडली नव्हती.

एक केस मात्र त्यांनी निर्विवाद जिंकली होती. लुईसचा कोंबडा हरवला तेव्हा त्यांनी अकरा दिवस तपास केला. बाराव्या दिवशी कोंबडा आपल्या पायांनी घरी आला. तपासाची धास्ती घेतली, दुसरं काय!

त्रेपन्न सालच्या नोव्हेंबरात एका दुपारी त्यांची भाची क्लेमेंटीन रडवेल्या चेहऱ्याने समोर उभी राहिली.

"मामा, मावशीला टक्कल पडणार, आणि ते मी पाडणार."

बॅप्टिस्टमामांनी खिशातून भिंग काढलं. ते लगेच काढायचं असतं, त्याने समोरच्याला धीर येतो.

क्लेमेंटीन नंदाखाल गावची. पापडी गावात शिवणाच्या दुकानाच्या माडीवर केसांची आणि डोक्याच्या कातडीची निगा शिकवायचा क्लास निघाला होता, तो जवळ पडावा म्हणून ती मामांकडे राहायला आली होती. घरात मामा आणि त्यांची मोठी विधवा बहीण हिल्डाबाय, म्हणजे क्लेमेंटीनची मावशी. क्लास घ्यायला वांद्र्याहून मॅग्डलीन मॅडम येत. वांद्र्याला त्यांचं स्वतःचं केसांचं दुकान होतं, आणि क्लासातल्या सात मुलींपैकी एकीला त्या मदतनीस म्हणून नेणार होत्या. क्लेमेंटीनच्या बापाने आधीच बजावून ठेवलं होतं, "निवड झाली तर वांद्रे. नाही झाली तर घरी ये, पानवेली वाट बघतायत."

क्लासाची रीत अशी होती की प्रत्येक मुलीला सहा आठवड्यांसाठी एकेक डोकं घ्यायचं. क्लेमेंटीनचं डोकं हिल्डामावशी. तिची मैत्रीण आणि प्रतिस्पर्धी रिटा, तिचं डोकं तिची आत्या आग्नेस. रोज संध्याकाळी केसांचे चार भाग पाडायचे, कोमट तेल घ्यायचं आणि नखं न लावता बोटांच्या पेरांनी मालीश करायचं. आठवड्यातून दोनदा शिकेकाई-रिठ्याने धुवायचं. सकाळी डोकंवालीने स्वतः विंचरून फणीतले केस तारखेच्या पाकिटात ठेवायचे. ते मुलीने मोजून वहीत मांडायचे. शंभरच्या आत असले तर काळजी नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं.

"पहिले तीन आठवडे बघा," क्लेमेंटीनने वही उघडली. "अडतीस. एकेचाळीस. पस्तीस. किती छान! आणि मग हे. एक्याण्णव. एकशे तीस. एकशे शहात्तर. आजचे दोनशे चौदा! शनिवारी परीक्षा आहे, मामा. तोवर मॅडमना दाखवायला डोक्यावर काही उरेल ना?"

"डोक्यावर विरळ दिसतंय का?"

"तेच तर कळत नाही! डोकं दाट आहे, कातडी स्वच्छ आहे, आणि केस मात्र गळतायत."

मामांनी डोळे मिटले. ते डोळे मिटत तेव्हा विचार करत असत किंवा झोपत असत. फरक फक्त त्यांनाच कळे, तोही कधी कधी.

"मावशीला विचारू का?" क्लेमेंटीन म्हणाली.

"मुळीच नाही! जिच्यावर घाला पडलाय तिला कधी सांगायचं नसतं. ती घाबरते, पुरावे पुसून टाकते. हे शास्त्र आहे."

हिल्डाबाय तेव्हा तीन हातांवर ओटीवर बसून वाल सोलत होती.

पहिला संशय तेलावर. मामांनी बाटली उजेडात धरली, हुंगली, जिभेवर थेंब घेतला, मग खात्री व्हावी म्हणून घोटभर घेतलं. त्यानंतरचा अर्धा दिवस त्यांचा तपास परसदारापुरता मर्यादित राहिला. तेल निर्दोष होतं, मामा तेवढे अशक्त झाले.

दुसरा संशय विहिरीवर. खाडीचं खारं पाणी झिरपून केस तुटत असणार! मामा पोहऱ्यातलं पाणी चाखत होते तेवढ्यात शेजारचा सेबेस्टियन म्हणाला, "बॅप्टिस्ट, याच पाण्यावर माझ्या तीन पोरी वाढल्या. एकीचाही केस गेला नाही."

तिसरा सिद्धान्त मात्र असा होता की त्याने मामा स्वतःच हरखून गेले.

"क्लेमेंटीन, नीट ऐक. डोकं दाट आहे, म्हणजे केस गळत नाहीत. पाकिटात केस आहेत, म्हणजे गळलेत. दोन्ही खरं असेल तर निष्कर्ष एकच. पाकिटातले केस हिल्डाबायचे नाहीत! कोणीतरी बाहेरून आणून टाकतंय. तुला नापास करायला."

"कोण?"

"ज्याला वांद्र्याला जायचंय तो. रिटा! पण रिटाचे केस आखूड. म्हणजे माल पुरवणारं डोकं दुसरं." त्यांनी पाकिटातला एक केस शिंप्याच्या टेपवर ताणून धरला. "एकोणतीस इंच. गावात एकोणतीस इंची वेणी कोणाची, ते शोधलं की संपलं."

या ठिकाणी नोंदवायला हवं की मामा खऱ्याच्या वेशीपर्यंत येऊन पोचले होते. तिथून ते उलट्या दिशेने चालू लागले.

गावातल्या सगळ्या वेण्या एका जागी भेटतात त्या रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर. पण परीक्षा शनिवारी, म्हणून मामांनी शुक्रवारचीच मिस्सा गाठली. टेप गायनाच्या पुस्तकात दडवून ते चर्चच्या दाराशी उभे राहिले. पहिली वेणी बाहेर आली ती नेमकी आग्नेसची. मामा मागून सरकले. टेपचं टोक मानेपाशी, दुसरं कमरेपाशी. सव्वीस, सत्तावीस...

आग्नेस गर्रकन वळली. "काय चाललंय, बॅप्टिस्ट?"

"माप घेतोय," मामांच्या तोंडून खरं निघून गेलं. घाबरल्यावर ते खरं बोलत. गुप्तहेराला हा दोष फार महाग पडतो.

"कसलं माप? शवपेटीचं?"

"नाही गं, वेणीचं..."

"मी मेलेय का अजून? साठ तर पुरी झाली नाहीत मला! हिल्डाने पाठवलं ना तुला? तिला सांग, तिला पोचवूनच मी जाईन!" आग्नेसची छत्री उन्हाळ्या-पावसाळ्यात सारखीच उपयोगी पडे. त्या सकाळी ती मामांच्या खांद्यावर तीनदा उपयोगी पडली.

घरी आले तेव्हा दारात अर्नाळ्याची कोळीण कार्मिन टोपली उतरवून बसली होती. हिल्डाबाय बोंबील निवडत होती, क्लेमेंटीन कोपऱ्यात वहीवर डोकं टेकून.

"खांद्याला काय झालं, बाबा?" कार्मिनने विचारलं.

मामांना श्रोता हवाच होता. त्यांनी सगळी केस सांगितली. तेल, पाणी, एकोणतीस इंच, परक्या डोक्याचा कट. सांगता सांगता ती त्यांना स्वतःलाच इतकी गुंतागुंतीची वाटली की दोनदा मध्येच थांबून त्यांनी आपण कुठपर्यंत आलो ते विचारलं. घाल्याची बातमी हिल्डाबायच्या देखत सांगतोय, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. हिल्डाबाय मात्र मान खाली घालून बोंबील निवडत राहिली. तोच एक बोंबील ती चौथ्यांदा निवडत होती.

कार्मिनने वीस बोंबील मोजून वर दोन टाकले आणि म्हणाली, "पाकिटात केस कोन भरते?"

"हिल्डाबाय."

"मग तिला विचारलं काय कोनी?"

हिल्डाबायचा हात बोंबलावर थांबला. फणसाखालची कोंबडीसुद्धा थांबली.

"मावशी?" क्लेमेंटीन म्हणाली.

हिल्डाबायने हातातला बोंबील खाली ठेवला. "मी सांगणारच होते, पण शनिवार झाल्यावर. तुला आनंद झाला असता."

"कसला आनंद?"

"अगं, तू त्या दिवशी जेवताना म्हणालीस, रिटाच्या डोक्याचे नव्वद झाले, आपले पस्तीस. शंभरात पस्तीस म्हणजे काय गं? काठावर पास! आणि त्या आग्नेसचे नव्वद! माझ्या डोक्यामुळे तू मागे पडायचीस? मग मी डब्यातले थोडे घातले."

"कुठल्या डब्यातले?"

हिल्डाबाय आत गेली आणि बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा घेऊन आली. म्हातारपणी वेणी पातळ झाली तर गंगावन करायला होतील, म्हणून लग्नापासून विंचरताना निघालेला प्रत्येक केस तिने त्यात गुंडाळून ठेवला होता. डबा गच्च भरलेला होता.

"मग शंभरच्या वर का गेलीस, मावशी?"

"शंभराला सगळेच पोचतात. त्याच्यावर गेलं तर बक्षीस असेल, म्हटलं."

क्लेमेंटीन आधी हसली, मग हसता हसता रडली, मग वही बघून नुसती रडली. मावशीला टक्कल पडत नव्हतं. पण तीन आठवड्यांचे आकडे खोटे होते, आणि परीक्षा उद्यावर आली होती.

मामा भिंतीला टेकून बसले होते. जकात नाक्यावर अनोळखी माणसाला त्यांनी रोज शंभरदा विचारलं होतं, 'टोपलीत काय आहे?' घरात, सख्ख्या बहिणीला, तेवढंच विचारायचं होतं. त्यांनी भिंग काढून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. तिथे काही धागादोरा नव्हता.

"त्यात काय एवढं," शेवटी ते म्हणाले. "पानं फाड, नवीन आकडे मांड. छत्तीस, एकेचाळीस, सदतीस. मी सांगतो तसे."

"नको, मामा. डोकं एक सांगणार आणि वही दुसरं सांगणार, तर मी इतके दिवस शिकले काय?"

"मॅडम नापास करतील!"

"करू देत." हे म्हणताना तिचा आवाज जरा पानवेलींकडे वळला होता.

शनिवारी पापडीच्या माडीवर सात मुली, सात डोकी आणि बोलावणं नसताना आलेले बॅप्टिस्टमामा असे पंधरा जण दाटीवाटीने बसले. मॅग्डलीन मॅडम उंच, काटक बाई. त्यांनी हिल्डाबायचे केस कंगव्याच्या शेपटीने चार भागांत पाडले, कानांमागे पाहिलं, टाळूवर बोटं फिरवली.

"कोंडा नाही. खपली नाही. मालीश चांगलं झालंय." मग वही उघडली आणि त्यांचं बोट थांबलं. "दोनशे चौदा?"

मॅडमनी आखून दिलेल्या वहीत शेवटचा रकाना 'कारण' असा होता. बाकी मुलींनी त्यात हवामान, काळजी, जागरण असं काय काय भरलं होतं. क्लेमेंटीनने आदल्या दिवशी तीन आठवड्यांपुढे, खाडाखोड न करता, एकच शब्द लिहिला होता: मावशी.

मॅडमनी तो दोनदा वाचला. "म्हणजे?"

क्लेमेंटीनने उभं राहून सगळं सांगितलं, डब्यासकट. मुली तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी शेजारची, रिटाची वही ओढली.

"तुझ्या डोक्याचेही काल दोनशे साठ. कारण, 'समुद्रावरचा वारा'?"

रिटाने गोंधळून आत्याकडे पाहिलं. आग्नेसने छत्री आवळून धरली, पण फार वेळ धरवली नाही.

"हिचे दोनशे चौदा झाले म्हणून ही चर्चच्या दारात सांगत फिरते, तर मी काय गप्प बसू? डबा मलाही आहे!"

"तुझ्या डब्यात निम्मे तुझ्या सासूचे असतील!" हिल्डाबाय म्हणाली.

"चूप!" मॅडम म्हणाल्या. माडी चूप झाली. त्या हिल्डाबायकडे वळल्या, जरा मऊ आवाजात. "बाई, निदान एवढं सांगा, रोज किती घालत होतात? मी वजा करून घेईन."

हिल्डाबायला प्रश्नच कळला नाही. "घरच्या पोरीला देताना मोजून कोण देतं, मॅडम?"

आता मात्र मॅडमना हसू आवरलं नाही. त्यांनी क्लेमेंटीनच्या वहीवर लाल पेन्सिलीने मोठी खूण केली.

"दोन्ही डोकी उत्तम आहेत, दोघी पास. पण दुकानात येणारी प्रत्येक बाई खोटं सांगते. कोणी वय चोरते, कोणी तेल, कोणी कलप. केस का गळतात हे मी शिकवीन. बाई काय लपवते ते विचारून घेणारी आणि ते तसंच लिहून ठेवणारी मला हवी. क्लेमेंटीन, पहिल्या तारखेला वांद्र्याला ये."

"वास्तविक या तपासाची दिशा..." असं म्हणत बॅप्टिस्टमामा उठले. हिल्डाबायने त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं.

पहिल्या तारखेला टांगा दाराशी आला. मामांनी ट्रंक चढवली. क्लेमेंटीन मावशीच्या पाया पडली, तशी हिल्डाबायने पदराआडून बिस्किटांचा डबा काढला आणि तिच्या हातात ठेवला.

"अगं मावशी, हे कशाला?"

"असू दे," हिल्डाबाय म्हणाली. "वांद्र्याच्या बायकांचे केस पातळ असतात म्हणे. तिकडे कधी कमी पडले तर घाल यातले."