चालशे

"अकराशे रुपयानं टोपलं?" ताराबाईंनी हेल्मेट उलटं केलं, आत हात घालून पाहिला आणि ते ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी आदळलं. "स्कूटरनं टोपलं घरमा शे ना?"

"ते नाही चालत," श्रीरंग पाटील म्हणाले. "नियमात लिहिलंय. शर्यतीचं वेगळं असतं."

"आन् हाई लाल नळकांडं?"

"आग विझवायचं. सातशे. तेही नियमात आहे."

"आन् ते पट्टे?"

पट्ट्यांचा आकडा श्रीरंगांनी सांगितला नाही. खांद्यावरून दोन आणि मांडीवरून दोन असे ते चार पट्टे मुंबईहून मागवले होते आणि त्यांची किंमत ऐकून ते स्वतःच अर्धा तास दुकानाच्या पायरीवर बसून राहिले होते. शिवाय गाडी उलटली तर टप चेपू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडून घेतला, त्याचे अठराशे. तो पिंजरा पाहून सगळी चाळ विचारून गेली की पाटील पोपट पाळणार आहेत का.

"नवरीलेबी इतलं नही लागत," ताराबाई म्हणाल्या.

श्रीरंग घरात एरवी अहिराणीच बोलायचे. रागात आले की मात्र शाळेतल्या मराठीवर यायचे, आणि हल्ली ते रोजच शाळेतलं मराठी बोलत होते. रागावणार नाही तर काय करणार? सुरतेतल्या उधन्याच्या एका कापड कारखान्यात बावीस वर्षं ते कोरं कापड तपासत उभे होते. ताका टेबलावर पसरायचा, तुटका धागा शोधायचा, तेलाचा डाग शोधायचा आणि शिक्का मारायचा, पास नाहीतर बाद. ताका बाद झाला की मास्टर, दलाल, खुद्द शेठ, सगळे एकच शब्द घेऊन यायचे. "श्रीरंगभाई, चालशे." चालशे म्हणजे चालेल. डाग आहे, पण चालशे. पन्हा दोन बोटं कमी आहे, पण चालशे. अख्खं सुरत शहर या एका शब्दावर चाललंय, असं श्रीरंगांचं ठाम मत होतं. बावीस वर्षांत तो शब्द त्यांनी एकदाही तोंडातून काढला नव्हता.

ही गाडीसुद्धा त्याच शब्दातून आली होती. शेठने दोन वर्षांचा बोनस द्यायचा टाळून आपली पंच्याहत्तर सालची फियाट त्यांच्या गळ्यात मारली. "बोनस समजीने लई जाओ. चालशे," शेठ म्हणाले. गाडी चालत नव्हती. श्रीरंगांनी पुढचे सहा महिने एकूण एक रविवार तिच्याखाली आडवे पडून काढले आणि तिला चालती केली. मग पेपरात हौशी मोटार मंडळाची जाहिरात आली. कडोदऱ्याजवळच्या मैदानात, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, हौशी लोकांची शर्यत. एकेका गाडीने घड्याळ लावून आठ फेऱ्या मारायच्या. बावीस वर्षं आपण एका जागी उभे आणि कापड समोरून पळतंय. एकदा, आयुष्यात एकदाच, आपणही पळायचं, असं त्या बापड्याच्या मनाने घेतलं.

ताराबाईंचा जीव गाडीत नव्हता, भावात होता. त्यांचा धाकटा भाऊ चिंधा कडोदऱ्याला दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा आणि ही गाडी भाड्याने फिरवायला मिळावी म्हणून दर आठवड्याला बहिणीकडे येऊन चहा प्यायचा. त्या दिवशीही तो तिथेच बसला होता.

"दाजी, गाडी माले द्या. शर्यतमा काय ठेयेल शे?"

"तुला?" श्रीरंग कडाडले. "बारा पॅसेंजर कोंबशील तिच्यात!"

ताराबाईंनी हात वर केला. "ऐका दोन्हीजन. मनं एकच सांगनं शे. रविवारी शर्यतमा गाडी पयनी तं घरमा ऱ्हाई. नही पयनी तं चिंधाले."

पयनी म्हणजे पळाली. ताराबाईंचा शब्द म्हणजे शिक्का असायचा. त्या बाबतीत नवरा-बायको एकाच मापाचे होते.

आता नियमांतला सातवा नियम उरला होता. अंगावर सुती कपडे हवेत. कृत्रिम धागा आगीत वितळून कातडीला चिकटतो, म्हणून सुती, फक्त सुती. श्रीरंग हसले. अहो, कापडाच्या शहरात कापड शोधायला कसले कष्ट?

चार दिवसांत त्यांचं हसू पळालं. ज्या गावात दिवसाला लाखो मीटर कापड निघतं, त्या गावात अस्सल सुती मीटरभर मिळेना! रिंग रोडवरच्या दुकानदारांनी ढीग उलगडले. श्रीरंग प्रत्येक ढिगातून एक धागा ओढायचे, खिशातली काडीपेटी काढायचे आणि धागा पेटवायचे. सुती असेल तर जळून राख व्हावी आणि बोटाने चोळली की उडून जावी. पण जिथे बघावं तिथे धागा आकसायचा, वितळायचा आणि टोकाला कडक काळा मणी धरायचा.

"मणी!" श्रीरंग ओरडायचे. "हे सुती आहे?"

"कॉटन जेवुंज छे, भाई. चालशे." म्हणजे कॉटनसारखंच आहे.

"नाही चालणार!"

नवव्या दुकानदाराने विचारलं, "तमे घराक छो के फायरब्रिगेड?" गिऱ्हाईक आहात की बंबवाले, आणि बाहेरचा रस्ता दाखवला.

शेवटी श्रीरंग संतापाच्या भरात बस पकडून बारडोलीला गेले. तिथल्या खादीच्या दुकानात त्यांनी काडी ओढली. धागा जळला. राख झाली. राख उडाली. श्रीरंगांच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा मीटर जाड खादी घेऊन ते परतले आणि गल्लीतल्या लोटू शिंप्याकडून गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध अंगरखा शिवून घेतला. तो घालून त्यांना नीट बसता येत नव्हतं, पण त्यात मणी धरणारं काही नव्हतं.

रविवारी सकाळी मैदानात सात गाड्या उभ्या राहिल्या. ताराबाई भाकरीचा डबा घेऊन आल्या. चिंधा टेम्पोच्या खाकी कपड्यांतच आला होता, कारण दुपारी गाडी घेऊनच जायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. गुलाबाचे हार आले होते, चषक टेबलावर चमकत होता, फक्त जिलेबीवाला अजून यायचा होता. तपासणीला मंडळाचे चिटणीस ललितभाई बसले होते, हातात वही, तोंडात पान.

पहिला आला चेतन, रंगाईच्या कारखान्याच्या मालकाचा मुलगा. त्याच्या अंगात लालभडक, चकचकीत सूट होता. उन्हात बघवत नव्हता.

"कॉटन?" ललितभाईंनी वर न बघता विचारलं.

"कॉटन, अंकल."

"चालशे."

रांगेत मागे उभ्या असलेल्या श्रीरंगांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "चालशे? हात तरी लावा! तो सूट नाही, पॉलिएस्टरची साडी आहे! मी चार दिवस गाव पालथं घातलं, बारडोलीला गेलो, आणि इथे नुसतं विचारून सोडताय?"

"श्रीरंगभाई, शोख माटे आव्या छे बधा."

"हौस आहे म्हणून माणूस जळत नाही काय? नियम म्हणजे नियम! एक धागा, एकसुद्धा धागा कृत्रिम चालणार नाही!"

आणि त्यांनी काडीपेटी काढली.

पुढचा अर्धा तास मैदानात नुसता धूर आणि आरडाओरडा चालला होता. चेतनचा धागा, मणी. दुसऱ्याचा, मणी. तिसरा म्हणाला माझा परदेशी आहे. परदेशी मणी. वाऱ्याने काड्या विझत होत्या, श्रीरंग नव्या ओढत होते आणि सहाव्या गाडीवाल्याला बाद करताना त्यांचा आवाज कारखान्यात असायचा तसा खणखणीत लागला होता. ललितभाई कपाळाला हात लावून बसले होते.

"हवे तमारो वारो, काका," चेतन दात ओठ खात म्हणाला.

"माझी पाळी? खुशाल!" श्रीरंगांनी छाती पुढे केली.

चेतनने कापडाचा धागा काढलाच नाही. पोरगं रंगाईवाल्याचं होतं. त्याने काखेतली शिवण पकडली आणि शिलाईचा दोरा सर्रकन ओढून काढला. काडी लागली. दोरा आकसला, वितळला आणि टोकाला टपोरा मणी धरून बसला.

मग सहाजण एकदम हसले.

"पण कापड सुती आहे!" श्रीरंगांचा आवाज चिरकला. "बारडोलीचं आहे! हा तर लोटूचा दोरा!"

"एक पण धागो नहीं चाले," चेतन म्हणाला. "काका, तमेज कह्युं."

श्रीरंगांनी लोटूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण करतात काय? शब्द त्यांचेच होते. खादीच्या त्या पोत्यात ते मटकन खाली बसले. सहा महिन्यांची मेहनत, पट्टे, पिंजरा, टोपलं, सगळं गेलं, आणि आता गाडीही जाणार. तिच्यात बारा पॅसेंजर कोंबलेले त्यांना स्पष्ट दिसायला लागले आणि त्यांना खरोखर रडू आलं.

इकडे ललितभाई रडकुंडीला आले होते. पाहुणे बारा वाजता येणार, चषक तयार, आणि एकही गाडी नाही! त्यांची नजर भिरभिरत चिंधावर थांबली. "ए भाई! खाकी! तारी पासे लायसन्स छे?"

"शे ना," चिंधा म्हणाला.

"श्रीरंगभाई, एनुं खाकी कॉटन छे के नहीं? जल्दी!"

श्रीरंगांनी काडीपेटी उघडली. रिकामी होती. सगळे त्यांच्याकडे बघत होते. "काडी कशाला?" ते उठत म्हणाले. बावीस वर्षं ही बोटं चुकली नव्हती. त्यांनी चिंधाची बाही चिमटीत धरली. ऑइल, धूळ आणि घामाने ती मेणकापडासारखी झाली होती. अंगठा एकदा घासला, दोनदा घासला. मन थाऱ्यावर नव्हतं. "सुती," ते म्हणाले. "शंभर टक्के."

मेव्हणा म्हणून गाडीही श्रीरंगांचीच ठरली. मग चिंधाच्या डोक्यावर अकराशेचं टोपलं चढलं, चार पट्टे आवळले गेले आणि श्रीरंगांची गाडी श्रीरंगांशिवाय सुटली. आठ फेऱ्या ती पळाली. वळणावर चिंधा सवयीने हॉर्न वाजवत होता आणि हात बाहेर काढून मागच्याला थांबायला सांगत होता, मागे कुणी नसताना. पण गाडी काय पळाली! इंजिनचा आवाज एकसारखा येत होता, कुठे अडखळ नाही, खडखड नाही. सहा महिन्यांचे रविवार त्या आवाजात होते. श्रीरंग रागवायचंही विसरले.

एकच गाडी धावली, म्हणून तीच पहिली आली. चिंधाच्या गळ्यात हार पडला. तो उतरला तोच किल्ली खिशात टाकत. "चाल ताई, तुमले घर सोडी देस. मनी गाडीमा."

"किल्ली आठे ठेव," ताराबाई म्हणाल्या.

"काब्रं?"

"मी काय सांगेल व्हतं? शर्यतमा गाडी पयनी तं घरमा ऱ्हाई. पयनी का नही पयनी?"

"पयनी. पन मी..."

"गाडीमा कोन बसेल व्हतं, हाई मी कोठे सांगेल व्हतं?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, पण किल्ली त्याच्याच हातात ठेवली. "पयनी तं पयनी. मना शब्द फिरत नही."

चिंधा चवताळला. जिंकून गाडी हरलेला माणूस अख्ख्या सुरतेत तो एकटाच होता. "हाई तं अन्याव शे!" तो हात नाचवत ओरडला आणि त्याच्या बाहीचा उसवलेला एक धागा श्रीरंगांच्या नाकासमोर लोंबायला लागला.

बावीस वर्षांची सवय. श्रीरंगांनी तो तोडला. एव्हाना जिलेबीवाला आला होता आणि त्याची शेगडी पेटली होती. श्रीरंगांनी सहज, अगदी सहज, धागा जाळावर धरला.

धागा आकसला. वितळला. टोकाला मणी धरला.

टेरीकॉट! बोटं चुकली होती, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणजे चिंधा बाद. म्हणजे ती धावच रद्द. धाव रद्द म्हणजे गाडी पळालीच नाही, आणि ताराचा शब्द तर फिरत नाही. त्यांनी मान वळवून पाहिलं. गाडी उन्हात उभी होती, तिच्यातून अजून ऊब येत होती, आणि ताराबाई पदराने तिची काच पुसत होत्या. त्यांनी गाडीला हात लावलेला श्रीरंग आज प्रथमच बघत होते.

ललितभाई वही घेऊन आले. "श्रीरंगभाई, अहीं तपासनार तरीके तमारी सही. खाकी बराबर तपास्युं छे ने?"

मणी अजून गरम होता आणि बोटाला चटका देत होता. श्रीरंगांनी मूठ मिटली, दुसऱ्या हाताने पेन घेतलं आणि वहीवर वाकले.

"चालशे," ते म्हणाले.