सबनीस काका काडतूस शोधतात

सबनीस काकांच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाची सोफ्यावर बसलेल्या बापूरावांशी ओळख करून दिली जाई. बापूरावांना डोकं नव्हतं. काकांचा जुना निळा शर्ट, त्यात गोधडी कोंबून केलेलं पोट, उजव्या खांद्यात पंचवीस पौंड मसूर आणि मसुरीच्या मागे एक स्प्रिंगचा काटा, एवढा त्यांचा संसार. "हे आमचे बापूराव," काका सांगत. "स्वभावाने शांत आहेत. उजव्या खांद्याला मात्र हात लावू नका, कालच काटा शून्यावर आणलाय." एका गणपतीत महाजन काकूंनी चष्मा न लावता त्यांच्यापुढे प्रसादाची वाटी धरली आणि गृहस्थ हूं की चूं करत नाहीत म्हणून चांगल्याच दुखावल्या.

बापूरावांचं काम एकच होतं, बंदुकीचा धक्का खाणं. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येऊन खांद्यावर आदळते. ते आदळणं किती, हे बापूरावांच्या मसुरीतला काटा सांगे.

काका अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या प्रयोगशाळेत माझे वरिष्ठ. गाडीत पुतळे बसवायचे, गाडी भिंतीवर नेऊन आपटायची आणि सीटबेल्टमुळे पुतळ्याच्या छातीला किती लागलं ते मोजायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं. ऑफिसात अमेरिकन रिवाजाप्रमाणे सगळे त्यांचं नाव अर्ध्यावर तोडून त्यांना 'प्रभा' म्हणत. मला नागपूरच्या मुलीला ते काही जमेना. म्हणून मी सोमवार ते शुक्रवार 'सर' म्हणे आणि शनिवार-रविवार 'काका'.

त्यांच्या तोंडी कायम एकच शब्द असे, "आकडा?" आज फार थंडी आहे म्हटलं की, "आकडा?" पोहे तिखट झालेत म्हटलं की, "दहापैकी आकडा सांग." माझा पहिला रिपोर्ट त्यांनी तीनदा परत पाठवला होता, कारण मी शेवटचा दशांश उडवून आकडा गोल केला होता. "अश्विनी, गोल केलेला आकडा म्हणजे सभ्य कपडे घातलेला खोटा आकडा," असं ते मला सगळ्या टीमसमोर म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता असा माणूस, जो अंडंसुद्धा खात नाही, तो दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात अचानक हरणाच्या शिकारीची काडतुसं अभ्यासू लागला, तेव्हा आमच्या मराठी मंडळात चर्चा व्हायचीच. पिकनिकला पुण्याच्या देवस्थळीने त्यांना छेडलंच. "काय काका, रिटायरमेंटच्या तोंडावर एकदम शिकारी?"

"मी रोज गाड्या भिंतीवर आपटतो," काका शांतपणे म्हणाले. "म्हणून घरी येताना आपटतो का?"

खरी गोष्ट शेजारच्या वॉल्टची होती. वॉल्ट म्हणजे साडेसहा फुटी, पंचाहत्तरीचा, कारखान्यात साचे बनवण्यात हयात घालवलेला माणूस. दर नोव्हेंबरला तो उत्तरेकडच्या जंगलात जाऊन एक हरीण मारी आणि वर्षभर खाई. बायको कधीच गेलेली, मुलगी फ्लोरिडात. त्या वसंतात त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एका संध्याकाळी तो काकांना म्हणाला, "सॅब, माझी जुनी थर्टी-ऑट-सिक्स रायफल आता गाढवासारखी लाथ मारते. नेम लागत नाही. ह्या नोव्हेंबरात शिकार जमली नाही, तर घर विकून मुलीकडे जाईन."

काकांनी ही गोष्ट मला सांगितली ती अशी की, "धक्का कमी आणि हरणाला पुरेसं, असं काडतूस निवडायचंय. साधा इंजिनिअरिंगचा प्रॉब्लेम आहे. बाकी काही नाही."

बाकी काय होतं ते आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी सबनीस काकू गेल्या. मुलगा दूर पार्सिपनीला, रविवारी फोन करणारा. त्या हिवाळ्यात वॉल्टने काकांच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ न सांगता काढलं आणि रोज संध्याकाळी पाचला तो स्वयंपाकघरात येऊन बसू लागला. दोघं चहा पीत, हवामानाचा चॅनेल बघत आणि फारसं बोलत नसत. वॉल्ट गेला असता, तर पाच वाजता काकांच्या दारात कोणीही येणार नव्हतं.

म्हणून शोध सुरू झाला, आणि अंदाजपंचे काही करणं काकांच्या रक्तात नव्हतं. मुलीसाठी स्थळं बघावीत तशी त्यांनी काडतुसं बघितली. प्रत्येकाचा एक कागद. जन्मसाल, वजन, वेग, धक्का, बरे गुण, वाईट गुण. 'टू-फॉर्टी-थ्री' सगळ्यात सौम्य. पण काकांचं मत, "स्वभाव फार गोड, प्रकृती किरकोळ. गोळी हलकी आहे." साडेसहा मिलिमीटरचं एक स्वीडिश काडतूस त्यांना मनापासून आवडलं होतं. "शंभर वर्षांचं घराणं आहे. शांत, खानदानी. पण इथल्या दुकानांत दर्शन नाही." शेवटी 'सेव्हन-एमएम-ओ-एट'वर येऊन गाडी थांबली. मध्यम बांधा, कुठल्याही दुकानात मिळणारं, धक्का वॉल्टच्या जुन्या बंदुकीपेक्षा पुष्कळ कमी.

"मग टू-फॉर्टी-थ्रीच का नाही?" मी कंटाळून विचारलं. "धक्का सगळ्यात कमी हवा ना?"

"आणि हरीण जखमी होऊन पळालं तर?" काकांचा आवाज चढला. "मारायचंच असेल तर एका गोळीत. तडफडता कामा नये. खांदा वॉल्टचा आहे, पण जीव हरणाचा आहे."

जुन्याच बंदुकीत कमी दारूची काडतुसं भरावीत, हाही उपाय होता. तो वॉल्टने एका वाक्यात निकालात काढला. "मी पाणी घातलेली बिअर पीत नाही."

शनिवारी सकाळी आम्ही नेमबाजीच्या रेंजवर जायचो. माझ्या व्हिसाच्या कागदांवर शिफारस काकांची, त्यामुळे मला नाही म्हणायची सोय नव्हती. काकांच्या गाडीत मागच्या सीटवर मी आणि बापूराव, दोघांनाही सीटबेल्ट; वॉल्ट त्याच्या ट्रकने येई. रेंजवरच्या अधिकाऱ्याने पहिल्या दिवशी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं, पण डोकं नसलेल्या पाहुण्याविरुद्ध त्यात काही सापडेना. मग बंदूक बाकावर टेकवून, दस्ता बापूरावांच्या खांद्याला लावून, लांबून दोरीने चाप ओढायचा. बापूराव मागे कलंडत. काका धावत जाऊन काटा वाचत आणि ओरडून मला आकडा सांगत. मी तो मराठीत उतरून घेई, कारण 'डेटा फुटता कामा नये' असं काकांचं म्हणणं. हरणांना कोण फितूर होणार होतं, देव जाणे.

वॉल्टला माझी ती वही फार आवडे. पहिल्याच शनिवारी त्याने ती हातात घेतली आणि म्हणाला, "हे काय, दोरीवर धुणं वाळत घातलंय की काय?" त्यानंतर वही दिसली की तो विचारी, "आज धुणं किती?" त्याच्यासाठी मी शेजारच्या पानावर इंग्रजीत वेगळा तक्ता करी.

सप्टेंबर संपता संपता बापूरावांची परीक्षा झाली आणि वॉल्टची आली. बंदुकीच्या दुकानदाराने सेव्हन-एमएम-ओ-एटची एक रायफल एका दिवसासाठी वापरायला दिली. काकांनी एका पुस्तकातून एक जुनी युक्ती शोधून काढली होती. काडतूस त्यांनी भरायचं, कधी भरलेलं, कधी रिकामं, आणि वॉल्टला पत्ता लागू द्यायचा नाही. माणूस धक्क्याला घाबरत असेल, तर रिकाम्या काडतुसालाही आधीच दचकतो आणि नळी हलते. "ह्यात कोणी फसवू शकत नाही," काका खुशीत होते.

वॉल्ट बाकाशी बसला. पहिलं काडतूस रिकामं होतं. नुसतं टक् झालं. नळी तसूभर हलली नाही. दुसरं भरलेलं, तिसरं भरलेलं, चौथं रिकामं, असं करत पाच खऱ्या गोळ्या झाल्या. वॉल्ट दगडासारखा स्थिर. "खांदा?" काकांनी विचारलं.

"खांद्याला कळलंसुद्धा नाही, सॅब."

काकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तीस वर्षांत मी... म्हणजे ऑफिसातल्या जुन्या लोकांनीही त्यांना इतकं आनंदात पाहिलं नसेल. मग कागदी लक्ष्य आणायला गेलो. पाच गोळ्यांपैकी एकीने वॉल्टच्या कागदाचा कोपरा उडवला होता. बाकी चार कुठे गेल्या ते शेजारच्या बाकावरच्या जाड्या गृहस्थाने सांगितलं. त्यातल्या तीन त्याच्या कागदावर होत्या, चौथी मातीत. "तुमच्या मित्राने माझा स्कोअर वाढवला," तो हसत म्हणाला.

मी वहीत लिहिलं, 'धक्का उत्तम. हात स्थिर. नेम शेजारच्याच्या कागदावर. का?' आणि इंग्रजी तक्ता करायचं त्या गडबडीत राहून गेलं.

"बघू, काय म्हणतायत आकडे?" वॉल्टने हात पुढे केला. मी वही दिली. त्याने ती चेहऱ्यासमोर धरली, मान जराशी वाकडी करून कडेने बघितली, बोट ओळींवरून हळूहळू फिरवलं. पानावर अथपासून इतिपर्यंत मराठी होतं. धुण्याबद्दल तो काहीच बोलला नाही.

"बरे दिसतायत आकडे," तो म्हणाला आणि वही परत दिली.

मी काकांकडे बघितलं. काका वॉल्टकडे बघत होते. खांद्याचं ऑपरेशन खरं होतं, पण नेम खांद्यामुळे चुकत नव्हता. त्याचे डोळे हळूहळू गेले होते, ऐन समोरचं दिसत नव्हतं, कडेचं तेवढं दिसे. आणि त्याने ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

काकांनी वही माझ्या हातातून घेतली, मिटली, पुन्हा उघडली. मग घसा खाकरून इंग्रजीत म्हणाले, "वॉल्ट, सॉरी. हे काडतूस नापास. धक्का अजून मर्यादेबाहेर आहे."

"माझ्या खांद्याला तर..."

"तुझ्या खांद्याला काय कळतं? काटा माझ्याकडे आहे." आणि मग माझ्याकडे न बघता मराठीत, "लिही. धक्का मर्यादेबाहेर. शोध चालू."

"काका, पण काटा तर निम्म्याच्या..."

"अश्विनी. लिही."

मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

पार्किंगमध्ये काकांनी वॉल्टच्या हातातून त्याच्या ट्रकची किल्ली काढून घेतली. "आजपासून रेंजवर नेणं-आणणं माझ्याकडे. गाडी चालवून नेमबाज थकतो, म्हणून मापं बिघडतात असं वाटतंय मला. आणि पुढच्या टप्प्यात सगळ्यांचे डोळे तपासायचे. माझे, हिचे, तुझे. डॉक्टर मी ठरवतो."

"बापूरावांचे?" वॉल्टने विचारलं.

"त्यांना डोकं नाही."

"सॅब, तू ब्रेक फार जोरात दाबतोस," एवढं बोलून वॉल्ट मुकाट्याने ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर चढला. काकांची गाडी मी मागून आणली.

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी काकांना गाठलं. सर म्हणायचा दिवस होता, पण मी काका म्हणाले. "काका, तुम्ही खोटा आकडा लिहून घेतलात."

त्यांनी डब्यातली पोळी चार वेळा दुमडली. "खांदा गेला म्हणायला माणसाला लाज वाटत नाही गं. डोळे गेले म्हणायची वाटते. त्याने बंदूक हातात धरता कामा नये, हे तर ठरलंच. पण ते त्याला काडतुसाने सांगावं, मी कशाला सांगू?" मग जरा थांबून, अगदी हळू म्हणाले, "आणि शिकार जमली नाही तर तो जाणार होता. शोध चालू आहे तोवर जमली की नाही, हे ठरत नाही ना. तो गेला तर मी एकटा काय करू त्या घरात?"

मी त्यांच्या डब्यातलं लोणचं घेतलं, आणि त्यांनी घेऊ दिलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघंही गेलो. माझा चष्म्याचा नंबर वाढलेला निघाला, काकांचा मोतीबिंदू निघाला. वॉल्ट आत गेला आणि वीस मिनिटांनी बाहेर आला. त्याला कोणी काही विचारलं नाही. काका काउंटरवर कागद भरायला गेले, तेव्हा वॉल्ट माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून बोलला.

"तुझ्या अंकलला खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी रेंजवर त्याचा आवाज असा काही कापत होता, की मला वाटलं बापूरावांचंच काही बरंवाईट झालं."

मी काउंटरकडे बघितलं, काका अजून कागदच भरत होते.

"मला कळलंय हे त्याला सांगू नकोस," वॉल्ट म्हणाला. "आणि मी मुलीला फोन केलाय. म्हटलं, इथे एक मोठं संशोधन चाललंय, माझ्यावाचून ते अडेल. कधी संपेल सांगता येत नाही."

काउंटरवरून काका परत आले आणि त्यांनी आम्हाला विचारलं, कशाबद्दल बोलताय. वॉल्ट म्हणाला, स्वीडिश काडतुसाबद्दल, कुठे मिळालं तर तेही एकदा तपासायला हवं. काकांचा चेहरा इतका खुलला की मी उठून पाणी प्यायला गेले.