केळीच्या चिकाचं वॉटरप्रूफिंग

आमच्या गल्लीत लाकडी ओटा फक्त माझ्या घराला आहे, आणि तो राहणारच! हे मी बायकोला, म्हणजे दिपमालाला, ठणकावून सांगितलं. तिचं म्हणणं, पावसाने सागाच्या फळ्या कुजायला लागल्यात, उखडा आणि फरशी टाका. आता फरशीचं दुकान कोणाचं? तिच्या धाकट्या भावाचं, बोदवडच्या प्रेमराजचं!

"रविवारी प्रेमराज येतोय माप घ्यायला."

"येऊ दे! त्याच्याआधी ओटा वॉटरप्रूफ करतो. थेंबभर पाणी मुरलं तर खुशाल फरशी टाका!"

दुकानात त्यासाठी तेलाचे डबे मिळतात, मला माहीत आहे. पण रावेरात राहून, स्वतःचा केळीचा बाग असताना, मी डबा आणू? केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात निघत नाही. साबण हरतो, सोडा हरतो, धोबी हात जोडतो! मग पाण्याची काय बिशाद? रविवारी सकाळीच बागेतली खोडं कापली, बादलीभर चीक गोळा केला आणि ब्रशने बठ्ठा ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत माखून काढला.

"अहो, हे काय करू राहिले तुम्ही?"

"विज्ञान!"

ताजा चीक दिसायला पाण्यासारखा. फळ्यांना काही लावलंय हे कळतसुद्धा नव्हतं. दुपारी प्रेमराज आला. पुढे त्याला सावद्याला साखरपुड्याला जायचं होतं, म्हणून अंगात पांढरीशुभ्र सफारी.

"दाजी, ताई म्हणते ओट्याला काही लावलंय. वाळलं ना?"

"बिनधास्त टेक!"

तो ऐसपैस मांडी घालून बसला. चहा झाला, चिवडा झाला, फरशीचे नमुने दाखवून झाले. मग टेप घेऊन माप घ्यायला वाकला आणि दिपमाला किंचाळली, "माय वं! अरे, तुझी पँट!"

पँटीवर मागे फळ्यांचे तपकिरी पट्टे उठले होते. एकेक फळी मोजून घ्यावी इतके स्पष्ट!

"बघ, चीक किती पक्का आहे!" मी म्हणालो. खरं ते बोलायला कोणाची भीती?

दिपमालाने धावत जाऊन बादली आणली आणि भावाच्या मागच्या बाजूवर पाणी ओतलं. डाग जागचा हलला नाही. ओट्याने मात्र सगळं पाणी गटागटा पिऊन टाकलं!

"मुरलं!" दिपमाला ओरडली. "प्रेमराज, घे माप!"

"माप? ताई, मरेन, पण या घराला एक फरशी लावणार नाही!" टेप तिथेच टाकून, ओली पँट सावरत तो निघून गेला.

"मग दुसऱ्या दुकानातून आणू," मी मुद्दाम म्हणालो.

"भावाचं दुकान असताना परक्याची फरशी? माहेरचे काय म्हणतील?"

संपला विषय! जिंकलो! ओटा आहे तिथेच आहे आणि भर पावसातही कोरडाठाक असतो. कारण मृग लागला की मी त्यावर केळीच्या ट्रकची ताडपत्री अंथरतो, चारही बाजूंनी घट्ट बांधतो आणि कोणाला पाय ठेवू देत नाही.

या की कधी बघायला! फक्त पावसाळ्यात आलात, तर मागच्या दाराने या.