तेरा लिंबं, चौदा कांदे

"मिठाचा स्फटिक असा दाखवतो, की साहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवतील!" गांगुर्डे सरांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. नाशिकच्या एका कॉलेजात सर दोन वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते, पण अजून तात्पुरतेच. उद्या तपासणीचे साहेब त्यांच्या तासाला बसणार होते. शेरा चांगला पडला तर नोकरी कायम, नाहीतर चंबूगबाळं उचलून परत सायखेड्याला!

"मीठ डब्यात आहे, तेच दाखवा की," लताबाई म्हणाल्या.

सरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. घरातल्या पोत्यातले चौदा बारके कांदे निवडले. ते क्लोरीन. बाजारातून तेरा लिंबं आणली. ते सोडियम. खराट्याच्या काड्या खुपसून झकास चौकोनी ठोकळा उभा केला. मागच्या बाकावरूनही दिसावं म्हणून लिंबांना कुंकू फासलं! सकाळी तो प्रयोगशाळेत साहेबांच्या खुर्चीसमोरच्या टेबलावर ठेवला, धूळ बसू नये म्हणून जुन्या छत्रीचं काळं कापड वर टाकलं आणि ते खडू आणायला गेले.

परत येतात तो दारात ही गर्दी! झाडताना कापड उचलून पाहिलेली शिपाईण भागुबाई झाडू टाकून ओरडत होती, "करणी हाय, करणी! लिंबं टोचल्यात, कुंकू लावलंय, वर काळं फडकं! अन् सायबाच्या खुर्चीम्होरंच मांडलंय!"

प्राचार्य व्हरांड्यात भिंतीला चिकटून उभे होते. "माझा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नाही," ते म्हणाले, "पण कोणी जवळ जाऊ नका!"

"अहो सर, ते मीठ आहे!"

"मीठसुद्धा घातलंय?" प्राचार्यांचा आवाज चिरकला.

तेवढ्यात साहेबच आले. टेबलावर नजर पडताच उंबऱ्यात टाकलेला पाय त्यांनी मागे घेतला. "हे कोणी केलं?"

"मी," गांगुर्डे सर म्हणाले. गेली नोकरी! आता समजावत बसायला वेळ नव्हता. त्यांनी सरळ कडेचं एक लिंबू उपटलं, कुंकू पुसलं, दातांनी फोडलं आणि सगळ्यांदेखत चोखलं! त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"गेले वो सर!" भागुबाई किंचाळली.

"आंबट आहे," सर म्हणाले.

सर कधी कोसळतात याची सगळे बराच वेळ वाट पाहत राहिले. ते काही कोसळेनात. मग एकेक विद्यार्थी आत आला, सर्वांत शेवटी साहेब. सरांनी मधल्या लिंबावर बोट ठेवलं. "याच्याभोवती कांदे किती?"

"सहा!" अख्खा वर्ग ओरडला. वर, खाली, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे! पुस्तकातल्या सपाट चित्रात वर्षभर न दिसलेलं मिठाचं पोट मुलांना आज दिसत होतं. साहेबही वाकून वाकून मोजत होते.

"उत्तम!" त्यांनी शेरा लिहिला, खाली सही ठोकली. सरांना इतकं हलकं वाटलं, की भागुबाईच्याच पाया पडावं!

निघताना साहेबांनी सरांना कोपऱ्यात घेतलं. आवाज अगदी खाली आणला.

"गांगुर्डे, माझी बदली चंद्रपूरला होणार म्हणतात. ती थांबवायची तर... किती लिंबं लागतील?"

सरांनी आधी सहीची शाई वाळल्याची खात्री करून घेतली.

"साहेब," ते म्हणाले, "त्याला लिंबं चालत नाहीत. मंत्रालयात ओळख लागते!"