पत्ता न सांगणारे देवपुजारी

देवपुजारींना कुणी पत्ता विचारला, की ते आधी विचारणाऱ्याच्या चपला बघतात. मग चेहरा. मग प्रश्न सुरू होतात. एकदा आमच्या इमारतीखाली एक गृहस्थ लग्नाची पत्रिका घेऊन आले आणि श्रीवास्तवांचं घर कुठलं, असं विचारून बसले. "कौन से श्रीवास्तव? आप उनके कौन? पहले कभी आए हैं?" असं पाच मिनिटं चाललं. ते श्रीवास्तवांचे सख्खे मेहुणे निघाले. देवपुजारी जराही ओशाळले नाहीत. "मेहुणा असंल," ते मला म्हणाले, "पण सर, खात्री नाही तोवर पत्ताच नाही सांगायचा!"

सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मुलगा दिल्लीकडे. निवृत्तीनंतर आमच्या बारा घरांनी मिळून एकच इंटरनेट घेतलं, तेव्हा त्याची देखभाल न मागता त्यांच्याकडे गेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं आणि समजावून सांगितलं. मोबाईलला नुसतं नाव माहीत असतं, ते नाव घेऊन तो आधी पत्ता विचारायला जातो. हा प्रश्न आपण एका शहाण्या माणसाकडे पाठवायचा. त्याच्यापाशी चोरांची यादी आहे, ती रोज नवी होते. चोराचं नाव आलं, की तो म्हणेल, मला नाही माहीत. पत्ताच नाही, तर मोबाईल जाणार कुठं?

हा शहाणा माणूस म्हणजे कुठल्याशा लांबच्या देशातली एक सेवा होती. पण देवपुजारी त्याच्याविषयी असं बोलत, जणू तो इथेच, गावातल्या कांचघर मोहल्ल्यात राहतो आणि सायकलवर येतो.

पहिली तक्रार तिसऱ्या मजल्यावरच्या तिवारींची. "भाईसाहब, मेरा क्रिकेट नहीं खुल रहा."

"मुफ्त वाला?"

"हाँ, वही."

"वो क्रिकेट नहीं है तिवारीजी, क्रिकेट के कपड़ों में चोर है."

"आपको तो नदी किनारे ग्वारीघाट पे बैठा देना चाहिए," तिवारी चिडून म्हणाले, "लोगों के पाप भी छान-छान के जाने दोगे."

पण मिश्रा काकूंना 'आज बिजली कट जाएगी' असा मेसेज आला, त्यांनी घाबरून त्यातल्या लिंकवर बोट ठेवलं आणि पान उघडलंच नाही, त्या दिवशी देवपुजारींनी बाराही घरांत खव्याची जिलबी वाटली. तिवारींना दोन जास्त दिल्या.

माझी पत्नी सुलभा गेल्या वर्षी गेली. इथल्या हिंदी मुलखातल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी कळतं, पण ती उत्तर हिंदीत देतात, याचं तिला फार वाईट वाटे. म्हणून ती त्यांच्यासाठी गोष्टी रचायची आणि स्वयंपाकघरात बसून आपल्या आवाजात सांगायची. तिच्या भाचीने त्यासाठी एक लहानशी वेबसाइट करून दिली होती. ज्या मोबाईलवर सुलभाने गोष्टी भरल्या, तो कधीच बिघडून भंगारात गेला. तिचा आवाज उरला तो त्या साइटवरच. मी रोज सकाळी एक गोष्ट ऐकत असे.

एका सकाळी साइट उघडेना. मी वरच्या मजल्यावर देवपुजारींकडे गेलो.

"सर, वहिनींच्या साइटचं नाव यादीत आलं," देवपुजारी खाली बघत म्हणाले.

"चोरांच्या?"

"वर्षभर कोणी तिकडं लक्ष दिलं नाही ना. जुन्या दारातून कोणी शिरला. पानं तीच दिसतात, पण मागून भलतीकडं ढकलून राहिला तो."

"माझ्यापुरती उघडा."

"नाही सर."

"तिचा आवाज आहे तो, देवपुजारी. दुसरीकडे कुठंच नाही."

"माहीत आहे मला. पण तुमच्यासाठी उघडली, तर उद्या पोरांसाठी उघडावी लागंल. वहिनींचं नाव सांगून त्यांच्या मोबाईलात चोर शिरंल. चालंल?"

मी जिना उतरलो. त्याच दिवशी बाजारात एका दुकानदाराच्या मोबाईलवर मी ती साइट उघडून पाहिली. सुलभाचा फोटो क्षणभर दिसला आणि त्यावर एक रंगीत चक्र गरगरू लागलं. तुम्ही बक्षीस जिंकलं आहे, इथे दाबा. मी मोबाईल परत दिला.

तरीही माझा राग गेला नाही. आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. जिन्यात ते "सर, काहून रागावले?" म्हणायचे आणि मी कठड्याकडे बघत खाली उतरायचो.

नवव्या दिवशी ते दारात आले. "वहिनींनी पासवर्ड कुठं लिहून ठेवला असंल?"

तो पाककृतींच्या वहीत, शेवटच्या पानावर सापडला. मग देवपुजारींनी साइटची पानं एकेक करून तपासली, घुसवलेल्या ओळी काढल्या, कुलपं बदलली आणि यादीतून नाव काढावं म्हणून त्या सेवेला अर्ज केला. संध्याकाळी ते बातमी द्यायला येत, ऑपरेशनच्या खोलीबाहेर डॉक्टर येतात तसे. शेवटी एका दुपारी जिन्यातून त्यांचा आवाज आला, "सर! पत्ता सांगून राहिला तो!"

मी पुन्हा रोज एक गोष्ट ऐकू लागलो. गंमत म्हणजे, त्या दिवसापासून देवपुजारीच मला टाळू लागले. मी दिसलो की जिन्यातून परत फिरायचे.

कारण कळलं ते कावळ्याच्या छत्रीची गोष्ट लावली तेव्हा. आवाज पुरुषाचा होता. "तर मंग पोरांनो, एक होता कावळा..."

मी गोष्ट थांबवून वर गेलो. देवपुजारींनी दार उघडलं.

"पुसली गेली, सर. चोराची ओळ काढता काढता ती फाईलच गेली माझ्या हातून. लई शोधली. तुम्हाला सांगायची हिंमत नाही झाली."

"आणि गोष्ट? लिहून घेतली होती?"

"लिहायची काय त्यात? रोज जेवताना लावतो ना मी. मुलगा फोनवर हिंदीत बोलतो, नातवंडांचं तर विचारूच नका. मराठी ऐकायची तर वहिनींचीच."

म्हणजे साइट बंद होती तितके दिवस तेही गोष्टीविनाच जेवले होते. स्वतःपुरतीसुद्धा त्यांनी ती उघडली नव्हती.

मी खाली आलो आणि उरलेली गोष्ट लावली. ही गोष्ट सांगताना सुलभा मध्येच उठून गेली होती आणि तो तुकडा तिने कापला नव्हता. देवपुजारी त्या जागी पोचले. आपल्या जाड आवाजात म्हणाले, "थांबा हं पोरांनो, दूध उतू चाललंय."

मग शांतता. तिला लागला होता तेवढाच वेळ. मी थांबलो. लांबून गॅस बंद केल्याचा आवाज आला.