डबल बेल झाल्याशिवाय मोशे हलत नाही

आमच्याकडे बायबलचं वाचन प्रार्थनेनं सुरू होत नाही, डबल बेलनं सुरू होतं. प्रार्थना त्याआधी होते, पण याकोबकाकांच्या मते ती गाडी धुण्यापुसण्यासारखी. गाडी हलते ती बेलवरच. काका खिशातून तिकिटं टोचायचा पंच काढतात, माझ्या स्टीलच्या तांब्यावर दोनदा ‘टण टण’ वाजवतात आणि म्हणतात, “हां, चला. मधी कुनी उतरायचं न्हाई.”

याकोबकाका हिंगोली डेपोचे रिटायर कंडक्टर. सारी नोकरी बहुतेक जिल्ह्यातल्याच गोरेगावच्या फेऱ्यांत गेली. निवृत्त होताना सरकारी पंच जमा करावा लागला, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या बाजारातून स्वतःचा पंच घेतला. का, तर हाताला सवय. पेन्शनीत माणसं बागकाम करतात, भांडणं उकरतात. काका लग्नपत्रिकांना भोकं पाडत बसायचे.

मग एका वर्षी गणपतीनंतर आम्ही पाच जणांनी ठरवलं, की बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मिळून वाचायचं. मंगळवार आणि शनिवार, संध्याकाळी पाच वाजता, माझ्या बैठकीत, दर वेळी तीन अध्याय. दावीदभाऊ आणि त्यांची बायको रूथ, मोंढ्याच्या बाजारात हळद निवडणाऱ्या सुवार्ताबाई, याकोबकाका आणि मी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पोर्शन वेळेत संपवणं हा माझा खरा धर्म आहे, असं माझ्या शाळेतले लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे.

काकांनी पहिल्याच दिवशी कारभार हातात घेतला. जुन्या पत्रिकांच्या पट्ट्या कापून प्रत्येकाला एकेक दिली. वाचनाला आलं की पट्टीला एक भोक. उशिरा आलं तर भोक आहेच, वर एक नजरही आहे. पाणी प्यायला उठलं की “गाडी थांबल्यावर.” आणि बेल देण्याआधी बोटानं माणसं मोजायची, मोठ्यानं. “एक, दोन, तीन, चार. बराबर.”

“काका, पाच जण आहोत,” दावीदभाऊ म्हणाले.

“कंडक्टर पॅसेंजरात धरत न्हाईत.”

स्वतःसाठी त्यांनी पट्टीसुद्धा कापली नव्हती.

‘गणना’ या पुस्तकाशी आल्यावर आम्हाला जांभया यायला लागल्या आणि काकांचे डोळे भरून आले. सुरुवातीलाच शिरगणती! “बघा बाई, देवानं मोशेला काय सांगितलं? पयले मानसं मोज. आमच्या डेपोत बी हेच सांगत व्हते.” घराण्यामागून घराणी, आकड्यांमागून आकडे, काकांनी एक नाव गाळू दिलं नाही. “त्यो बी बसलेला हाय ना गाडीत? मग?”

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. बिघडवलं ते मी.

सुवार्ताबाईंना अक्षरओळख झाली ती पन्नाशीनंतर, प्रौढांच्या वर्गात. ओळीखाली बोट ठेवून त्या एकेक अक्षर उचलायच्या, गव्हातला खडा उचलावा तसं. आणि ते बोट पिवळं. मोंढ्यातली हळद कितीही साबण लावला तरी निघत नाही. वाचायचं ते माझ्या मोठ्या अक्षरांच्या बायबलातून, त्यामुळे उत्पत्तीपासून दर दोनचार पानांवर एक पिवळा ठिपका. मी काही बोलत नव्हते, पण मला ते ठिपके रात्री डोळे मिटल्यावरही दिसायचे.

गणनेचा बारावा अध्याय. मिर्यामेनं आपल्या भावाविरुद्ध, वाळवंटातून लोकांना नेणाऱ्या मोशेविरुद्ध, तोंड उघडलं, तिला कोड फुटलं आणि सात दिवस छावणीबाहेर काढलं, ती गोष्ट. पाळी सुवार्ताबाईंची. “मि... र्या... मे... नं...” घड्याळात सहा वाजून गेलेले. मला राहवलं नाही. “द्या इकडे, मी वाचते. नाहीतर आजचा पोर्शन राहतो,” असं म्हणून मी पुस्तक त्यांच्या हातून घेतलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी पदरानं पान पुसलं.

सुवार्ताबाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मी खणखणीत आवाजात अध्याय संपवला.

पुढच्या मंगळवारी त्या आल्या नाहीत. रूथनं खबर आणली, की कुरुंद्याला लेकीकडे गेल्यात. हळद शिजवायचा हंगाम आहे, तिकडेच काम करणार. परत कधी, ते सांगितलं नाही.

काकांनी मोजलं, “एक, दोन, तीन.” पंच खिशात ठेवला. “चहा टाका बाई. आज गाडी उभी हाय.”

एक आठवडा गेला, दोन गेले, तिसरा लागला. आम्ही जमायचो, काका तीनपर्यंत मोजायचे, चहा व्हायचा, घरी. तेराव्या अध्यायाचं नाव काढू देत नव्हते. चौथ्या आठवड्यात माझा पारा चढला.

“काहून अडवून ठेवलंय काका? असं कुठं लिहिलंय?”

“बाराव्यातच लिव्हलंय की. मिर्याम आत येईस्तोवर लोकायनं मुक्काम हलवला न्हाई. तुमीच तर वाचलं, मोठ्यानं.”

मी वाचलं होतं खरं. पण पोर्शन संपवणारं माणूस वाचतं तेवढंच, ऐकत नाही. तरी मी हट्ट सोडला नाही. “ते सात दिवस होते. इथं महिना झाला.”

“तिचे सात व्हते. आपले किती, ते सुवार्ताबाई सांगन.”

दावीदभाऊ आणि रूथ गेल्यावर काका दारात थांबले. पंच हातात फिरवत म्हणाले, “बाई, टायमाचं मला सांगू नका. आमची मंडळी दवाखान्यात व्हती, डेपोत निरोप आला. साहेब म्हनले, जा. मीच म्हनलं, गोरेगावची येवढी फेरी मारून येतो, पॅसेंजर बसलेत. गाडी बराबर टायमावर पोचली.” पंच खिशात टाकून ते म्हणाले, “मी न्हाई पोचलो.”

शनिवारी सकाळी आम्ही चौघं कुरुंद्याच्या एस.टी.त बसलो.

प्रवासात काकांना बसवणं अवघड होतं. त्यांनी उभं राहून सगळी गाडी मोजली आणि कंडक्टरताईंना सांगितलं, “चव्वेचाळीस.” त्या म्हणाल्या, “काका, मशीनमधी दिसतंय मला.” काका म्हणाले, “मशीनला खिडकीतलं लेकरू दिसतं का?” ताईंनी मुकाट्यानं मान वळवून मोजलं. चव्वेचाळीसच होते, खिडकीतलं लेकरू धरून.

कुरुंद्यात लेकीच्या शेतावर हळद शिजत होती. वाफेचा तो उग्र वास, पसरलेले ढीग, आणि त्यात दहाबारा बाया. सुवार्ताबाईंनी आम्हाला पाहिलं आणि हात पदरात लपवले. ते पाहून मला स्वतःची फार लाज वाटली.

“सुवार्ताबाई, माझं चुकलं,” मी म्हणाले. “तुमची पाळी होती, मी हिसकावली. अध्याय राहिलाय. वाचता का?”

“हात खराब हाईत माझे.”

“माझंही पुस्तक कुठं सोवळ्यातलं आहे?” असं म्हणून मी बायबल उघडून हळदीच्या ढिगावरच ठेवलं.

त्यांनी हात पदराबाहेर काढले. मग बसल्या, बोट टेकवलं. बारावा अध्याय, पहिल्या ओळीपासून. अडखळत, परत मागे येत, एकेक अक्षर उचलत. हळदीच्या बाया हातातलं काम टाकून भोवती बसल्या. कुणी घड्याळ पाहिलं नाही. मी तर काढूनच ठेवलं होतं. मिर्यामेपाशी आल्यावर एक बाई म्हणाली, “अगं माय, एवढ्यासाठी बाह्यर काढली?” सुवार्ताबाई “थांब जरा” म्हणून पुढे वाचत राहिल्या. आणि ती ओळ आली. मिर्यामेला आत घेईपर्यंत लोक तिथून निघाले नाहीत.

बोट थांबलं. “म्हंजी... थांबले?”

“थांबले,” काका म्हणाले.

“समदे?”

“सारी गाडी. महिनाभर उभी हाय, सुवार्ताबाई. बाईंच्या घरी नुसता चहा पिऊन राहिलोत.”

सुवार्ताबाई हसल्या, आणि हसता हसता पिवळ्या हातांनीच त्यांनी डोळे पुसले. काका उठले. “एक, दोन, तीन, चार. बराबर!” आणि तिथल्या रिकाम्या डब्यावर अशी दणदणीत डबल बेल दिली, की बायांनी टाळ्या पिटल्या आणि बांधावरची म्हैस उधळली.

मग गाडी कुठे अडली नाही. चार वर्षं लागली. शेवटचं पान परवाच्या शनिवारी आलं. पाळी सुवार्ताबाईंची होती. ती कशी काय आली, ते मोजणाऱ्यालाच ठाऊक. त्यांनी प्रकटीकरणाची शेवटची ओळ सलग वाचली, एकदाही न अडखळता. शेवटचं ‘आमेन’ तर त्यांनी पान न बघताच म्हटलं. दावीदभाऊंनी शिट्टी मारली, रूथनं पेढे उघडले, आणि मी, पोर्शन संपल्यावर कधी न रडलेली, पुस्तकाच्या कडेला पहिल्यापासून शेवटपर्यंत उमटलेले पिवळे ठिपके बघत रडले. तेवढं सुंदर पुस्तक माझ्या घरात दुसरं नाही.

काका तेवढे पंच रुमालात गुंडाळत होते.

“शेवटचा थांबा,” ते हळूच म्हणाले. “आता उतरा समदे.”

कुणी उतरलं नाही. गाडी रिकामी झाल्यावर हा माणूस कुठे जातो, हे आम्हाला चार वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. सुवार्ताबाईंना सुचलं होतं. त्यांनी पुस्तक उलटवून पहिलं पान काढलं, पिशवीतून पत्रिकेच्या कोऱ्या पट्ट्या काढल्या आणि काकांपुढे धरल्या.

“परतीची गाडी हाय न्हवं, याकोबभाऊ?”

काकांनी पट्ट्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. बोट वर झालं. “एक... दोन... तीन... चार.” बोट खाली आलं. “बराबर.”

“न्हाई बराबर,” सुवार्ताबाई म्हणाल्या. पट्ट्या पाच होत्या. त्यांनी काकांच्या हातून पंच घेतला, पाचव्या पट्टीला आपल्या हातानं भोक पाडलं आणि ती काकांच्या खिशात ठेवली.

“पाच,” त्या म्हणाल्या. “द्या आता बेल.”